चावी भरून ठेवलेला कॅमेरा

विहिरीचा पंप कुरकुरायला लागला की त्याला एक लाथ घालायची, मागचं दार ओलीने फुगलं की खांद्याने ढकलायचं, आणि होल्गेरचा कॅमेरा अंधारात ठेवायचा नाही. घराच्या किल्ल्या हातात देताना गुनवोरने सुनेला एवढंच सांगितलं. पंपाचं आणि दाराचं इल्वाला समजलं.

“अंधारात म्हणजे? कपाटात ठेवायचा नाही?”

“कपाटात ठेव, पोटमाळ्यावर ठेव, मला काय! पण चावी भरून ठेव,” गुनवोर म्हणाली आणि अंगण ओलांडून समोरच्या आपल्या छोट्या घराकडे चालू लागली. मध्येच थांबून तिने वळून पाहिलं. इल्वाकडे नाही, तिच्या मागच्या खिडकीकडे. तिथे फळीवर तो कॅमेरा होता.

गुनवोरचा नवरा होल्गेर पानगळीत गेला. एवढ्या मोठ्या घरात एकटीने काय करायचं, म्हणून गुनवोरने अंगणापलीकडचं छोटं घर घेतलं आणि मोठं घर मुलाला दिलं. घर होतं त्या बेटावरच माल्तेला बोटी बांधण्याच्या कारखान्यात काम मिळालं. गोथेनबर्गमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून माल्ते, इल्वा आणि त्यांची दीसा इथे आली. समुद्राची हवा, मोकळं अंगण, हाकेच्या अंतरावर फारमोर, म्हणजे बापाची आई. बाळ वाढवायला आणखी काय लागतं, असं सगळे म्हणाले. इल्वाही म्हणाली.

कॅमेरा म्हणजे काळी, चांदीच्या काठाची जड पेटी होती. ती डोळ्याला लावायची नसे. पोटाशी दोन्ही हातांनी धरायची, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून आत बघायचं, अंगावर पिणाऱ्या बाळाकडे बघतात तसं. आत एक काच होती. समोर जे असेल ते त्या काचेवर उमटे, फक्त डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. पुढची कळ दाबली की आतला आरसा खाडकन वर जाई, फोटो निघे आणि काच काळी होई. बाजूची चावी फिरवेपर्यंत ती काळीच राही. चावी भरली की आरसा खाली, शटर ताणून तयार, काचेत पुन्हा उजेड. होल्गेरने आयुष्यभर गोथेनबर्गच्या कॅमेऱ्याच्या कारखान्यात काम केलं होतं. तिथली माणसं म्हणे कॅमेरा चावी भरूनच ठेवत. लेन्स आणि पेटी, दोन्ही ताणलेल्या असल्या तरच एकमेकींना जमतात, एक ताणलेली आणि एक सैल असली की अडकून बसतात. हे माल्तेने तिला सांगितलं तेव्हा इल्वा म्हणाली, “आपल्यासारखंच की. फरक इतकाच, आपल्यात एकटी मीच ताणलेली.”

माल्ते हसला. तिने ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

दीसा जन्मल्यापासून इल्वाला एकच भीती होती, आणि ती इतकी साधी होती की तिला नावसुद्धा द्यावं लागत नसे. झोपलेली दीसा श्वास घेते आहे ना? ती पाळण्यावर वाकून बघे. पोट हललं तर दुपट्याची सुरकुती हलली असेल असं वाटे. मग नाकाखाली बोट धरी. मग बोट गार असल्यामुळे श्वास गार लागतो की काय अशी नवी शंका येई. दीसा जागी होऊन रडली की इल्वाला इतकं बरं वाटे की तिला स्वतःचीच लाज वाटे.

“अहो फौजदारबाई,” माल्ते म्हणे, “कैद्याला जरा झोपू द्या.”

बालआरोग्य केंद्रातली नर्स प्रेमळ होती. तिने वजन केलं, मान डोलावली, मग इल्वाकडे वळून तिने ठरलेले प्रश्न विचारले. ताण वाटतो का? झोप होते का? केलेली गोष्ट आठवत नाही असं होतं का? पहिल्या दोन प्रश्नांना इल्वाने खरं उत्तर दिलं. तिसऱ्याला ती ‘नाही’ म्हणाली, आणि तेव्हा ते खरंच होतं.

दीसा घरात झोपत नसे. बाहेर, बाबागाडीत, थंडीत, मेंढीच्या कातड्यावर, लोकरीत गुंडाळून ठेवली की दगडासारखी झोपे. त्यात काही विशेष नव्हतं, बेटावरची सगळीच मुलं दुपारी अंगणात झोपत. आपण बर्फात झोपलो म्हणून एवढे धडधाकट आहोत, असं दुकानात भेटणारी प्रत्येक म्हातारी सांगे. गुनवोर तेवढी वेगळी.

“आत झोपव तिला,” ती म्हणे.

“आत झोपत नाही गं.”

“मग जागी ठेव.”

बस्स, पुढे काही नाही. गाडी अंगणात आली की गुनवोर आपल्या घराचं दार लावून घेई. नातीला मांडीवर घेऊन ती गाणी म्हणे, पेज भरवे, गाल ओढे, पण गाडीत झोपलेल्या दीसाजवळ ती कधी फिरकली नाही. इल्वाने माल्तेला विचारलं तर तो म्हणाला, “आई अशीच आहे.” मग थोडं थांबून म्हणाला, “माझ्याआधी एक बहीण होती. तान्हीच गेली. हृदयाचं काहीतरी. घरात बोलत नाहीत त्यावर.” चर्चच्या आवारात होल्गेरच्या कबरीच्या दगडावर वरच्या बाजूला एक जुनं नाव होतं, सुन्नीवा. इल्वाने ते दफनाच्या दिवशी वाचलं होतं. तेव्हा दीसा तिच्या कुशीत होती, आणि तिने दीसाचं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

मार्च आला. दिवस लांबले, पण बर्फ काही हलेना. दुपारी इल्वा गाडी सफरचंदाच्या झाडाखाली, कपडे वाळवायच्या दोरीजवळ लावी, टप मागे करून तोंड घराकडे, म्हणजे खिडकीतून दिसेल असं. मग खिडकीपाशी टेबलावर कॉफी घेऊन बसे. बेबी मॉनिटर शेजारी. डोळे बाहेर. अशाच एका दुपारी हाताला चाळा म्हणून तिने फळीवरचा कॅमेरा काढला आणि झाकण उघडलं. काचेत अंगण होतं, उलटं. झाड, दोरी, गाडी. बाहेरचा पांढरा रखरखीत उजेड त्या काचेत मात्र मऊ, थोडा पिवळसर दिसत होता, जुन्या दुपारसारखा. ती बराच वेळ बघत राहिली.

फोनवर तिने शोधलं. कॅमेरा ठेवताना चावी भरून ठेवावा की सैल करून, यावर जगभरातली माणसं हमरीतुमरीवर आली होती. अर्धे म्हणत, भरूनच, नाहीतर लेन्स अडकेल. अर्धे म्हणत, वर्षानुवर्षं ताणलेली स्प्रिंग थकते, एक दिवस तुटते. इल्वाने दुसरा पक्ष घेतला. ताणून ठेवलेल्या गोष्टीचं काय होतं हे तिला फोनवर वाचायची गरज नव्हती.

“घे, मोकळा हो,” ती म्हणाली आणि तिने कळ दाबली.

आवाज एवढा मोठा असेल असं तिला वाटलं नव्हतं. खाड! आणि मग आत काहीतरी घरघरत, अडखळत, फार सावकाश बंद झालं, म्हाताऱ्या माणसाने सोडलेल्या श्वासासारखं. काच काळी झाली. इल्वाने कॅमेरा फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी काचेत उजेड होता.

“तू भरलीस का चावी?” तिने माल्तेला विचारलं.

“मी? मी घरी येतो तेव्हा मला बूट काढायची शुद्ध नसते.”

“मग कोणी भरली?”

“तूच. झोपेत. तू झोपेत पेज करतेस, चाव्या काय मोठ्या!”

त्याने थट्टा केली. इल्वाने झाकण पुन्हा उघडून पाहिलं. झोपेत पेज खरंच केली होती तिने एकदा, पहाटे, आणि सकाळी बाटली पाहून माल्तेचे आभार मानले होते. नर्सचा तिसरा प्रश्न तिला आठवला. आपल्या हातांनी काय केलं हे आपल्यालाच ठाऊक नसेल, तर त्या हातांत दीसा कशी सोडायची?

मंगळवारी तिने पुन्हा कळ दाबली. या वेळी मोठ्याने म्हणाली, “मी, इल्वा, आता कळ दाबली आहे. चावी भरलेली नाही.” दीसा जमिनीवर बसून चमचा चघळत होती, ती आईकडे बघून हसली. गुनवोर सकाळच्या बसने उद्देवाला शहरात दातांच्या डॉक्टरकडे गेली होती, संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. माल्ते कामावर. इल्वाने दोन्ही दारांना कुलूप लावलं आणि गाडी ढकलत बंदरापर्यंत जाऊन आली. परतल्यावर कोट न काढताच खिडकीशी गेली आणि झाकण उघडलं.

काचेत अंगण होतं. झाड, दोरी.

तिने झाकण मिटलं. मग दीसाला गाडीतून उचललं, घट्ट धरलं आणि तशीच उभी राहिली, भिंतीला पाठ लावून, सगळी खोली समोर दिसेल अशी. दीसाला वाटलं हा खेळ आहे. तिने आईचे केस ओढले.

माल्तेला तिने काहीच सांगितलं नाही. सांगून तो काय म्हणाला असता? नर्सकडे जाऊ म्हणाला असता, आणि नर्सने काहीतरी लिहून घेतलं असतं. त्यापेक्षा खात्री करून घ्यावी. बुधवारी तिने तिसऱ्यांदा कळ दाबली आणि दीसाच्या पेजेची चिमूटभर पावडर चावीवर भुरभुरली. काळ्या मुठीवर पांढरी, अगदी पातळ. स्वतःचे हात तिने साबणाने दोनदा धुतले. मग पुन्हा बंदरापर्यंत फेरी.

परत आली तेव्हा काचेत उजेड होता आणि पावडर पुसली गेली होती.

ती खुर्चीवर बसली. स्वतःच्या बोटांचा वास घेतला. साबण. कोटाच्या बाह्या पाहिल्या, खिसे पाहिले. काही नाही. तिला रडू येणार होतं, पण तेवढ्यात दीसाच्या झोपेची वेळ झाली. इल्वाने तिला गाडीत निजवलं, पट्टा बांधला, पिवळी टोपी कानावर ओढली, गाडी झाडाखाली नेली आणि येऊन कॉफी चढवली.

दारावर टकटक झाली. गुनवोर. हातात वेलचीच्या बनची पिशवी.

“जास्तीचे झाले,” ती म्हणाली. “गाडी बाहेर आहे?”

“हो.”

गुनवोर क्षणभर उंबऱ्यात घुटमळली, मग आत आली आणि टेबलाशी खिडकीकडे पाठ करून बसली. कपासाठी हात पुढे केला तेव्हा तिच्या निळ्या स्वेटरची बाही टेबलावर आली. बाहीच्या कडेला पांढरं लागलं होतं.

इल्वाने ते पाहिलं. इतका मोठा श्वास तिने कित्येक महिन्यांत सोडला नव्हता.

“तू!” ती म्हणाली. “तू येऊन चावी भरतेस! आम्ही फिरायला गेलो की!”

गुनवोरने बाहीकडे पाहिलं. “हे काय आहे? पीठ?”

“दीसाची पेज. चावीवर टाकली होती मी.”

“अगं बाई,” गुनवोर म्हणाली. “सापळा लावलास की.” तिला राग आलेला दिसला नाही. ती बाही झटकत राहिली, पुसली गेल्यावरसुद्धा. “मला आवाज आला. परवा दार लावून घरात होते, तर खाड झालं. तो आवाज मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता, पण ओळखला. माझ्याकडे किल्ली आहे, माहितीये तुला. आले आणि भरली. आज पुन्हा ऐकला, पुन्हा आले. सांगायला हवं होतं. पण काय सांगायचं?”

“मला वाटलं मी वेडी होते आहे, गुनवोर. मला वाटलं मीच करते आणि विसरते. उद्या दीसाला कुठे ठेवलं तेही विसरेन.”

“तू? तू विसरणार! तू त्या पोरीचे श्वास मोजतेस.”

“मग मला सांग. स्प्रिंगचं नको. खरं सांग.”

गुनवोरने उठून फळीवरून कॅमेरा घेतला आणि टेबलावर दोघींच्या मध्ये ठेवला, लेन्स खिडकीकडे. झाकण उघडलं. उजेडाचा एक चौकोन छतावर थरथरला. ती परत पाठ करून बसली.

“तेव्हा मुलांना पोटावर निजवायचो,” ती म्हणाली. “सगळ्याच जणी. नर्सच सांगायच्या तेव्हा. पाठीवर निजवलं तर दूध श्वासात जातं म्हणायच्या. आम्ही सांगितलं तसं केलं. सुन्नीवा त्या झाडाखाली होती. मार्चच होता, शनिवार. होल्गेर घरी होता. हा कॅमेरा त्याने कारखान्यातून नुकता विकत आणला होता, मी म्हटलं मोटार आली असती एवढ्या पैशांत! मी कपडे वाळत घालत होते. आणि सुन्नीवा नुकतीच मान उचलायला शिकली होती. जागी झाली की कासवासारखी मान वर काढायची आणि आमच्याकडे अशी बघायची, जसं काही आम्हीच तिच्याकडे पाहुणे आलोय. होल्गेरला तो फोटो हवा होता. चावी भरून इथे उभा राहिला, या खिडकीत. खिडकी उघडी.”

इल्वा ऐकत होती. तिची कॉफी तशीच होती.

“मी दोरीपासून गाडीकडे निघाले. सहज. बघावं म्हणून. तर हा हात करतो, बाजूला हो, फोटोत येतेस. मी सरकले. तर म्हणे तिकडे नाही, इकडे! तू पाहिलंयस ना त्या काचेत? डावं उजवीकडे दिसतं. हा काचेत बघून हात करणार आणि मी सरकून आणखी मधोमध येणार. जन्म काचा बसवण्यात गेला, आणि स्वतःच्या बायकोला डावं-उजवं सांगता येईना त्याला. मी म्हटलं, अरे शहाण्या, मान वर कर आणि मग सांग! आम्ही हसत होतो, इल्वा. एवढे हसलो की माझ्या हातातले चिमटे बर्फात पडले. मग मी चादरीमागे जाऊन उकिडवी बसले, फोटोत येऊ नये म्हणून. गाडी माझ्यापासून, इथून तुझी ती चूल आहे तेवढीच लांब. तो म्हणाला, थोडी कळ काढ, आत्ता उचलेल मान. त्याचं बोट कळीवर.”

“मग?”

“मग काढली कळ,” गुनवोर म्हणाली. “ऊन घरामागे गेलं तेव्हा तोच म्हणाला, आज फारच झोपली.”

इल्वाला म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे बघवेना.

“फोटो त्याने घेतलाच नाही. कॅमेरा फळीवर ठेवला, चावी भरलेला, तसाच. लोकांना लेन्सचं सांगायचा. मला एकदाच म्हणाला, काचेत उजेड आहे तोवर तिने मान उचलायची आहे. मला राग यायचा त्या कॅमेऱ्याचा. वाटायचं, एकदा दाबून टाकावी कळ. तो गेला, आता दाबेन म्हटलं. नाही दाबली. आणि तू दाबलीस तेव्हा धावत आले.”

“मी कितीदा दाबली, गुनवोर. मला माहीत नव्हतं.”

“दोनदा.”

“तीनदा. मंगळवारीपण.”

“मंगळवारी मी उद्देवालाला होते.”

“हो, पण परत येईपर्यंत भरलेला होता.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. इल्वाची नजर खाली गेली, कुठेतरी ठेवायची म्हणून, आणि समोरच काच होती.

काचेत मऊ पिवळसर दुपार होती. झाड, दोरी, गाडी. आणि गाडीच्या कडेवर एक डोकं वर येत होतं. हळूहळू, डळमळत, फार कष्टाने. पांढऱ्या, दोऱ्याने विणलेल्या टोपीतलं छोटंसं डोकं. ते वर आलं, थांबलं आणि त्याने सरळ खिडकीकडे पाहिलं.

दीसा उठली, असं इल्वाच्या मनात आलं. मग दुसरं मनात आलं. दीसाची टोपी पिवळी आहे.

तिने मान वर केली. खिडकीबाहेर गाडी स्तब्ध होती. कडेवर काहीच नव्हतं. मॉनिटरमध्ये आवाज नव्हता, नेहमीची ती बारीक खसखससुद्धा नव्हती. आणि इल्वाच्या लक्षात आलं की दीसा जन्मल्यापासून पहिल्यांदाच ती इतका वेळ तिच्याकडे बघायची विसरली होती.

खुर्ची पडली ते तिला कळलं नाही. मागचं दार फुगलेलं होतं, तिने खांदा घातला. मोज्यांवर बर्फातून धावली. गाडीत दीसा पालथी होती. पट्टा एका खांद्यावरून सुटून पाठीवर पिळला गेला होता, एक हात अंगाखाली अडकला होता, आणि तोंड मेंढीच्या कातड्यात पूर्ण रुतलेलं होतं. इल्वाने पट्टा तोडल्यासारखा ओढला, तिला उलटी केली, उचलली. चेहरा काळसर लाल. ओठांवर लोकर. “दीसा! दीसा!” तिने तोंडातली लोकर बोटाने काढली, पाठीवर थाप मारली, फुंकर मारली, काय केलं ते तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही.

मग दीसाने हवा ओढली. आधी एक घोट, मग एक मोठा, मग असा टाहो फोडला की बंदरावरचे समुद्रपक्षी उडाले असतील.

त्याच वेळी घरातून आवाज आला. खाड! आणि मागून ती घरघर, सावकाश, सावकाश, बंद.

इल्वा आत आली तेव्हा गुनवोर कॅमेऱ्यावर वाकून उभी होती, खिडकीकडे तोंड करून. बोट अजून कळीवर होतं.

“उचलली,” ती म्हणाली. “तिने मान उचलली. मी पाहिली.”

“कोणी?”

इल्वाच्या छातीशी रडणाऱ्या दीसाकडे आणि तिच्या पिवळ्या टोपीकडे गुनवोर बघत राहिली. मग हात पुढे केले. इल्वाने कधी नव्हे ते काही न विचारता बाळ तिच्या हातात दिलं. गुनवोर खुर्चीत बसली, दीसाला खांद्यावर घेतलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तो हात वर-खाली होताना बघत बसली.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. काही झालेलं नाही म्हणाले, नवा पट्टा घ्या म्हणाले, तो बदलेपर्यंत गाडीत एकटी झोपवू नका. माल्तेला फोनवर सगळं कळलं होतं, कामाच्या कपड्यांनिशी तो तिथेच आला. घरी परतल्यावर तो बराच वेळ दीसाला घेऊन नुसता फेऱ्या मारत होता. थट्टा नाही, काही नाही. मग माणूस घाबरला की हाताला काहीतरी काम शोधतो तसं त्याने खोलीभर नजर फिरवली. टेबलावरचा कॅमेरा दिसला. झाकण उघडं होतं. त्याने आत वाकून पाहिलं.

“हा अंधारात कोणी ठेवला? पप्पांना आवडलं नसतं,” तो म्हणाला आणि त्याचा मोकळा हात चावीकडे गेला.

“हात लावू नकोस!” इल्वा ओरडली.

“हात लावू नकोस!” गुनवोर ओरडली.

दोघींचा आवाज एकदमच निघाला. माल्ते बाळासकट एक पाऊल मागे उडाला आणि मागे पडलेल्या खुर्चीवर जवळजवळ बसला. “अरे देवा,” तो म्हणाला, “आता दोन-दोन फौजदार!”

गुनवोर हसली. हसू बाहेर पडताच तिने तोंडावर हात दाबला आणि डोळे मोठे करून दीसाकडे पाहिलं. दीसा बापाच्या खांद्यावरून मान वर काढून सगळ्यांकडे बघत होती, नाक लाल, गाल चिकट. गुनवोर तिच्याकडे बघत राहिली. मग तिने तोंडावरचा हात हळूच काढला. अजून हसू यायचं होतं, ते तिने येऊ दिलं.

इल्वाने टेबलाशी जाऊन काचेत पाहिलं. काच काळी होती. तिने झाकण मिटलं आणि कॅमेरा तसाच फळीवर ठेवला.

सकाळी दूध गरम करता करता ती तिथे गेली. झाकण उघडण्याआधी तिने दीसाला कडेवर घेतलं. काच अजून काळीच होती.